द्रौपदाच्या रेकॉर्डची दुसरी बाजू

घोडेगाव, ता. आंबेगाव
११ जानेवारी १९९८

प्रिय भगवंत यास,
भागुजीचा सप्रेम जयभीम.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. जुन्नर ते घोडेगाव एसटीनं तासा-दीड तासाचा रस्ता. पण तुझी बहीण गेली त्याला सात वर्षं झाली, तेव्हापासून तू या घरी आला नाहीस. म्हणून पत्रानंच विचारतो. काम तुझ्या हातातलं आहे.

कळंबच्या चांगदेव स्पीकरवाल्यानं धंदा बंद केला. त्याच्या माळ्यावर रेकॉर्ड वाजवायचं मशीन धूळ खात पडलं होतं. मी लाईनमन असताना त्याच्या दुकानाची वायरिंग करून दिली होती, ती ओळख ठेवून त्यानं मशीन मला देऊन टाकलं. सोबत लहानसा अँप्लिफायर अन् एक स्पीकरही दिला.

द्रौपदाची छोटी रेकॉर्ड बावीस वर्षं आमच्या पेटीत आहे. शहात्तर साली तुम्ही बहीण-भाऊ मुंबईला जाऊन ती भरून आलात. मला रजा मिळाली नव्हती. घरात मशीन कधी नव्हतंच. भीमजयंतीला चांगदेवच्या कर्ण्यावर दोन-तीन वेळा वाजली, ती गर्दीत उभं राहून ऐकली, तेवढीच. कर्ण्यातून कुणाचाही आवाज सारखाच येतो.

आता लावली तर द्रौपदाचा आवाज पुरुषासारखा जाडा येतो. शब्द लांबतात, हेलकावे खातात. सुई उड्या मारते, म्हणून चांगदेवच्या सांगण्यावरून तिच्या डोक्यावर एक नाणं चिकटवलंय.

तू मुंबईला रेकॉर्डच्या कारखान्यात बारा वर्षं काढलीस, आता जुन्नरला रेडिओ-टेपचं दुकान चालवतोस. तुझ्याइतकं यातलं कुणाला कळणार? आमची स्वप्ना तेरा वर्षांची असताना तिची आई गेली. आता डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आपली आई गाणारी होती हे तिनं लोकांच्या तोंडून ऐकलंय. तिच्या कानांनी आईला एकदा ऐकू दे, एवढंच मनात आहे.

तुझा,
भागुजी

—

जुन्नर
१७ जानेवारी १९९८

दाजी, सप्रेम जयभीम.

आधी ते नाणं काढा. बाकीचं पत्र मग वाचा.

रेकॉर्डच्या रेघेत दोन्ही भिंतींवर आवाज कोरलेला असतो. सुईवर भार जास्त पडला की ती भिंत घासून काढते. गेलेला आवाज पुन्हा येत नाही. सुई उडी मारते ती हलकी आहे म्हणून नाही, मशीन तिरकं बसलंय म्हणून.

पहिल्यांदा गवंड्याची लेव्हल आणा अन् मशीन चारी बाजूंनी सपाट करा. पायांखाली जाड पुठ्ठा घाला. स्पीकर त्याच टेबलावर असला तर खाली काढा, त्याचा हादरा सुईला लागतो.

मग वेग. आवाज जाडा येतो कारण आतला रबरी पट्टा सैल झालाय अन् तबकडी हळू फिरते. सोबत नवा पट्टा पाठवतोय, अन् काळ्या-पांढऱ्या पट्ट्या छापलेला एक गोल कागद. पट्टा बदलून तो कागद तबकडीवर ठेवा. खिडकी बंद करा, नुसता ट्यूबचा उजेड हवा. पट्ट्या मागं सरकत दिसल्या तर वेग कमी, पुढं पळाल्या तर जास्त. बाजूचा स्क्रू फिरवून त्या जागच्या जागी उभ्या करा.

शेवटी वजन. सुईच्या दांडीच्या मागचा वजनाचा गोळा फिरवून दांडी तराजूसारखी तरंगती करा. तिथं आकड्याची चकती शून्यावर आणा, मग गोळा अन् चकती एकत्र फिरवून अडीच ग्रॅमवर थांबा.

हे सगळं पहिल्याच बाजूवर बघा. दुसरी बाजू लावायची घाई करू नका. मी स्वतः आलो असतो, पण गुडघे धरलेत, एसटीची पायरी चढवत नाही.

स्वप्नाला आशीर्वाद.
भगवंत

—

घोडेगाव
२ फेब्रुवारी १९९८

प्रिय भगवंत,

पट्ट्या उभ्या राहिल्या. रविवारी दुपारी खिडकीवर गोधडी टांगून बसलो होतो. स्क्रू केसाएवढा फिरवला की पट्ट्या पळायच्या, पुन्हा फिरवला की मागं यायच्या. तास गेला. मग एकदम थांबल्या. कागद काढला, सुई पहिल्या बाजूवर ठेवली, अन् पहिल्या ओळीलाच द्रौपदा आली.

काय सांगू तुला. या बाजूच्या जयंतीच्या गाण्यात ती वरच्या सुरावर जाते अन् जाण्याआधी नाकानं थोडा श्वास घेते, तोसुद्धा ऐकू येतो. स्वप्ना मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. ओले हात घेऊन दारात आली.

"आप्पा, ही आई?"

मी मान हलवली.

"एवढ्या मोठ्यानं गायची ती?"

शेजारच्या कुशाबाईही आल्या अन् पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. "द्रौपदाच ती," म्हणाल्या. "आगदी हितं उभी हाय असं वाटतंय."

तू घाई करू नको म्हणालास, पण राहवलं नाही. दुसरी बाजू लावली. त्या बाजूला कुठलं गाणं आहे ते तुला सांगायला नको. आमची चिमा चौऱ्याहत्तरच्या गोवरात गेली, चार वर्षांची. तिला थोपटताना द्रौपदानं जुळवलेलं ते गाणं. 'घोडनदी निजली, तू नीज गं चिमा.' तुम्ही मुंबईला निघालात तेव्हा मीच द्रौपदाला म्हणालो होतो, पोरीचा एक फोटोसुद्धा नाही आपल्याकडं, निदान तुझ्या तोंडून तिचं नाव रेकॉर्डवर राहू दे.  आल्यावर म्हणाली, झालं.

तर ती बाजू बरोबर वाजत नाही. आवाज गोड येतो, चांगला येतो, पण द्रौपदाचा वाटत नाही. पहिली बाजू एवढी साफ अन् दुसरीला काय होतं? वजन तेच, वेग तोच. यावर काय करायचं ते लिही.

भागुजी

—

जुन्नर
१० फेब्रुवारी १९९८

दाजी, सप्रेम जयभीम.

पहिली बाजू लागली हे वाचून डोळे भरले.

दुसऱ्या बाजूचं म्हणाल तर कारणं अनेक असतात. सुई जुनी असेल. काडेपेटीत कापूस घालून नवी सुई पाठवतोय, जुनी पुढं ओढली की निघते. शिवाय सुईचं डोकं रेघेला सरळ बसलेलं नसलं तर 'स' अन् 'श' चिरकतात, अन् गाणं रेकॉर्डच्या मध्याकडं जाईल तसा आवाज फाटतो. सोबत पुठ्ठ्याचं कार्ड आहे, त्यावर दोन टिंबं आहेत. सुई दोन्ही टिंबांवर टेकवून बघा, डोकं कार्डावरच्या उभ्या रेघांशी जुळलं पाहिजे. डोक्याचे दोन स्क्रू सैल करून जुळवा.

सारखी वाजवू नका. एकदा वाजवली की रेघ गरम होते, दिवसभर तरी थांबावं.

भगवंत

—

घोडेगाव
१ मार्च १९९८

प्रिय भगवंत,

सगळं केलं. सुई बदलली, दोन्ही टिंबं जुळवली. 'निजली'तला 'ज' आता स्वच्छ येतो. दांडीची मागची बाजू वर-खाली करूनही बघितली. वर उचलली की आवाज बारीक अन् धारदार होतो, खाली घेतली की घोंगडीआडून आल्यासारखा. मधे कुठंतरी द्रौपदा सापडेल म्हणून रोज थोडं थोडं सरकवतोय. सापडत नाही.

परवा स्वप्ना म्हणाली, "आप्पा, ही दुसरी बाई आहे."

मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, आईचा आवाज तू ऐकलास किती, तुला काय कळतं?  दोन दिवस ती जेवणापुरतं बोलते.

तुला एक गोष्ट सांगतो, ती कुणाला सांगितलेली नाही. मुंबईहून आल्यावर द्रौपदा गायचीच थांबली. जयंतीला लोक बोलवायला आले की डोकं दुखतं म्हणायची. घरातही गाणं नाही. स्वप्ना झाली, तिलासुद्धा कधी गाऊन झोपवलं नाही. मला वाटलं, रेकॉर्ड निघाली म्हणून हिला मोठेपणा आला, आता घरातल्यांसाठी गाणं म्हणजे हलकं काम. तसं मी तिला बोललो. एकदा नाही, पुष्कळ वेळा. चार पाहुण्यांसमोर 'आमच्या रेकॉर्डवाल्या बाई' म्हणायचो. ती हसायची, निदान मला तसं वाटायचं. चिमाचं नाव तर आमच्या घरात कुणी घेतच नव्हतं.

म्हणून ती दुसरी बाजू मला हवी आहे. तिथं तरी ती चिमासाठी गातेय. त्यासाठी ती एकदाच वाजली तरी चालेल, पण नीट वाजली पाहिजे.

आणखी एक. नारायणगावच्या बाजारात तुला चालताना बघितलं असं कुशाबाई म्हणाल्या. म्हणजे गुडघे बरे आहेत. मग एक दिवस ये अन् तुझ्या हातानं लाव. तुला जमत नसेल तर पुढच्या आठवड्यात मीच मशीन घेऊन जुन्नरला येतो.

भागुजी

—

जुन्नर
५ मार्च १९९८

दाजी,

मशीन आणू नका. त्यात काही बिघाड नाही. सुई, वजन, वेग सगळं बरोबर आहे. स्वप्ना म्हणते ते खरं आहे. दुसऱ्या बाजूला आक्का गात नाही.

मी तुम्हाला सुया अन् कार्डं पाठवत राहिलो, कारण तेवढे दिवस हे सांगायचं टळत होतं. पोरीवर ओरडलात हे वाचलं अन् लाज वाटली.

त्या दिवशी काय झालं ते लिहितो. मी बाजाच्या पेटीवर साथीला होतो. पहिलं गाणं आक्कानं एका दमात दिलं. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला माणूससुद्धा मान डोलवत होता. मग चिमाचं गाणं. पहिली ओळ सुरू झाली अन् 'चिमा'पाशी आक्काचा आवाज बंद झाला. रडली नाही. तोंड उघडं, पण आवाज नाही. पाणी दिलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तिनं माईकच्या दांडीला धरलं अन् म्हणाली, "भगवंता, मला न्हाई जमायचं." काचेपलीकडून सांगितलं की पुढची पार्टी बाहेर बसलीय, आता थांबता येणार नाही. तिथं कोरसला येणाऱ्या बायका होत्या, त्यातली एक पुढं आली, गाण्याचा कागद वाचून दोनदा म्हणून बघितलं अन् गाऊन टाकलं. रेकॉर्डवरच्या कागदावर नाव आक्काचंच राहिलं. कुणी विचारलंही नाही.

परतीच्या गाडीत आक्कानं माझा हात धरला. "यांना सांगू नको," म्हणाली. "यांना वाटतंय, पोरीचं नाव माझ्या तोंडून राह्यलं. तेवढंच त्यांच्यापाशी हाय." मी शब्द दिला.

ती गेली त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, बाई गेली पण पोरीला हाक मारतानाचा तिचा आवाज आमच्याकडं आहे. मला तिथं उभं राहवेना. म्हणून सात वर्षं आलो नाही. गुडघ्यांना काही झालेलं नाही.

तुम्ही तिला काय बोलत होता हे मला तुमच्या पत्रातून कळलं. आधी कळलं असतं तर शब्द मोडला असता. मला माफ करा असं लिहिणार होतो, पण ते मागायचा अधिकार मला आहे का, ते कळत नाही.

भगवंत

—

घोडेगाव
३० एप्रिल १९९८

ति. मामांस,
स्वप्नाचा जयभीम.

आप्पा तुम्हाला पत्र लिहीत नाहीत म्हणून मी लिहितेय. तुमचं पत्र त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलं, "वाच," म्हणाले अन् नदीकडं निघून गेले. तेव्हापासून मशीनवर फडकं टाकून ठेवलंय. जेवतात, पेपर वाचतात, पण विचारलं तेवढंच बोलतात. तुमच्याविषयी वाईट बोलले नाहीत. स्वतःविषयी बोलले एकदा. "मी तिला पंधरा वर्षं टोचत राह्यलो," एवढंच.

काल त्यांनी मला विचारलं, तुला आठवतंय तेव्हापासून आई कधीच गायली नाही का? मी सांगितलं, शब्द कधी नव्हते. पण मला थोपटताना ओठ मिटून काहीतरी गुणगुणायची. मी विचारायचे, हे कुठलं गाणं, तर म्हणायची, कुठलं नाही. आप्पा त्या वेळी ड्युटीवर असायचे, त्यांना हे माहीतच नव्हतं. 

मामा, मला एकच विचारायचंय. ती दुसरी बाई गात होती तेव्हा माझी आई कुठं होती? बाहेर जाऊन बसली होती का?

स्वप्ना

—

जुन्नर
६ मे १९९८

दाजी, सप्रेम जयभीम.

स्वप्नानं एक प्रश्न विचारलाय. उत्तर तुम्हाला लिहितो, कारण ते तुम्ही ऐकायला हवं.

आक्का बाहेर गेली नाही. मी म्हणालो होतो, बाहेर बाकावर बस. नको म्हणाली. कोरसच्या तीन बायकांतली एक पुढं गेल्यामुळं मागं दोघी उरल्या होत्या. आक्का त्या दोघींच्या मागं, भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. माझी तिच्याकडं पाठ होती. पण प्रत्येक कडव्यानंतर कोरस 'घोडनदी निजली'ची ओळ म्हणायचा, तेव्हा मला मागून तिचा आवाज आला. तिला कुणी गायला सांगितलं नव्हतं. माईकपासून लांब होती म्हणून कुणी थांबवलंही नाही.

इतकी वर्षं हे माझ्या लक्षात होतं, पण त्याला किंमत दिली नव्हती. माझ्या मनात तिचं न गाणंच बसलं होतं.

रेकॉर्डवर ते आलं असेल की नाही, सांगता येत नाही. आलं असलं तर फार बारीक असेल. पंखा बंद ठेवा. सुई मऊ ब्रशनं मागून पुढं पुसा. दांडीची उंची पहिल्या बाजूला आक्काचा आवाज खरा वाटला होता तिथंच ठेवा, त्यात काही बदल करू नका. पुढच्या बाईकडं लक्ष देऊ नका.

भगवंत

—

घोडेगाव
१७ मे १९९८

प्रिय भगवंत,

तुझं पत्र आल्यावर चार दिवस फडकं काढलं नाही. तिथं काही ऐकू आलं नाही तर काय करू, ही भीती होती.

आज सकाळी स्वप्नाचा हट्ट चालला. तिनं पंखा बंद केला, दार लोटलं. कुशाबाईंना सांगून आली की अर्धा तास उखळ वाजवू नका. मी लेव्हल पुन्हा बघितली, वजन बघितलं, सुई पुसली. तीन वेळाच लावायची असं ठरवलं. रेकॉर्ड आता खरखरते. महिनाभर दिवसातून दोन-दोनदा वाजवून मीच ती झिजवलीय.

पहिल्या वेळी मला कोरसमध्ये दोनच बायका ऐकू आल्या. दुसऱ्या वेळी स्वप्नानं माझ्या मनगटावर बोट ठेवलं अन् जिथं तिला आई कळली तिथं दाबलं. मग मलाही कळली. लांबून येते, विहिरीच्या पलीकडच्या काठावरून बोलावं तशी. पण तीच. श्वास घ्यायला थांबते तेसुद्धा तिच्यासारखंच.

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून बसलो अन् मोजत गेलो. 'घोडनदी निजली' म्हणताना तिघी आहेत. 'तू नीज गं' म्हणतानाही तिघी आहेत. 'चिमा' म्हणताना दोघीच उरतात. चार कडवी आहेत. चारही वेळा तसंच. ती नावापर्यंत येते अन् थांबते, पुढच्या कडव्याला पुन्हा येते, पुन्हा तिथंच थांबते.

सुई उचलली. स्वप्ना रडत होती. मला रडू आलं नाही. तिला जेवढं जमत होतं तेवढं ती गात होती, भगवंत. तिथंही, अन् इथं ओठ मिटून पोरीला थोपटतानाही. मी त्याच घरात होतो अन् तिला विचारत होतो, गात का नाहीस. एकदा नुसतं जवळ बसलो असतो तर कळलं असतं. बोललेलं सगळं तिच्याबरोबर गेलं, ते आता कुणापाशी परत घेऊ?

तुझ्यावर राग होता. मार्चमध्ये फार होता. तू खरं सांगितलं असतंस तर मी तिला बोललो नसतो, असं स्वतःला सांगत होतो. पण तोंड माझं होतं. तू तिला दिलेला शब्द पाळलास. तिच्यासाठी कुणीतरी काहीतरी पाळलं, एवढं तरी झालं.

रेकॉर्ड कागदात घालून पेटीत ठेवलीय. आता लावायची नाही.

संध्याकाळी चहा घेताना स्वप्नानं विचारलं, "आप्पा, चिमाताई दिसायला कशी होती?" चोवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. केस कुरळे होते, डाव्या पायानं आधी उंबरा ओलांडायची. मग अडकलो. तिचे डोळे आईवर गेले होते की माझ्यावर, ते मला आठवेना. द्रौपदाला विचारायला हवं होतं, तेव्हा विचारलं नाही.

तू चिमाला खांद्यावर घेऊन नदीवर न्यायचास. तुला आठवत असेल. सकाळची जुन्नरची गाडी साडेनऊला स्टँडवर येते, येत्या रविवारी मी तिथं उभा राहीन. ये, अन् स्वप्नाला सांग.

तुझा,
भागुजी